फ्लोटची सरासरी

आमच्या घरात भाजी कोणती करायची यावरही मतदान होतं. वांग्याला सलग चार दिवस बहुमत मिळालं म्हणून आत्याने एकदा सभात्याग केला आणि शेजारी जाऊन जेवली. घरात आम्ही चौघं. आई, बाबा, बाबांची धाकटी बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. बाबा निवृत्त शिक्षक. राहुरी तालुक्यात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे मोर्चे निघाले, त्यांतल्या बऱ्याच मोर्च्यांची पत्रकं त्यांनी लिहिली. बाकीची पोरं चिमणी-कावळ्याच्या गोष्टी ऐकत झोपायची, मी ‘आमच्या प्रमुख मागण्या’ ऐकत झोपायचे. सातवी मागणी ऐकायच्या आत मला झोप लागायची, त्यामुळे आठवीपासून पुढचा अन्याय मला मोठी झाल्यावरच कळला.

मतं चार, म्हणून बऱ्याचदा दोन-दोन अशी बरोबरी होते. मग बाबांचा लाडका शब्द बाहेर येतो, समन्वय. म्हणजे अर्धी वांगी, अर्धा बटाटा.

मागच्या माघात आईच्या गाडीवर मतदान झालं.

गाडी आईची, हे आधी नीट सांगते, कारण त्या बैठकीत ते कुणीच नीट सांगितलं नाही. आई उपकेंद्रात नर्स होती. देवळाली प्रवरेच्या आसपासच्या वस्त्यांवर तिने इतकी बाळंतपणं केली, की बाजारात तिला चारचौघं तरी थांबवतात आणि आपली वाढलेली पोरं दाखवतात. ही गाडी तिने नोकरीत असताना, जुनीच, स्वतःच्या कमाईतून घेतली आणि पाटाच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर स्वतःच शिकली. बाबांना गाडी येत नाही. त्यांचं म्हणणं, त्यांनी तत्त्वतः शिकली नाही. आईचं म्हणणं, दोनदा पाटात घातली म्हणून सोडली.

निवृत्तीनंतर आई आठवड्यातून एकदा, दुपारची जेवणं उरकली की, गाडी काढून एकटी जाते. कुठे जाते म्हणून विचारलं, तर म्हणते, “कुठं नाही. जाऊन येते.” तास-दोन तासांनी येते. सोबत भाजी नसते, निरोप नसतो, काहीच नसतं. आमच्या घरातली ही एकच गोष्ट कधी चर्चेला आली नव्हती.

गाडीचं त्या महिन्यात आरटीओकडून पुन्हा पासिंग करून घ्यायचं होतं. मंगळवारची तारीख मिळाली होती. आणि गाडी काळा धूर सोडत होती, जागेवर उभी केली की दोनदा आचके देऊन बंद पडत होती आणि अंगणात पेट्रोलचा वास मारत होती. दोष कार्बोरेटरचा होता. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा ठरावीक मापात मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं. आजकालच्या गाड्यांत तो नसतो. फाट्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून आत असं पाहिलं, जसं आपण कुणाच्या पणजीचा फोटो पाहतो. “ताई, ह्याला कॉम्प्युटर लागत न्हाई ना,” तो म्हणाला. “मग मी काय लावू?”

बाबा म्हणाले, गाडी भंगारात द्या. मी पण म्हणाले, भंगारात द्या. मी खासगी गाड्यांच्या विरोधात एक चार पानी पत्रक लिहिलेलं आहे, आणि त्यातला शब्दन् शब्द मला आजही मान्य आहे. एसटी बंद पाडायची आणि घराघरासमोर चारचाकी उभी करायची, याला विकास म्हणणाऱ्यांना मी त्यात चांगलं सोललं होतं. एवढंच, की त्या पत्रकांचे गठ्ठे राहुरीच्या स्टँडवर आईनेच गाडीतून पोचवले होते.

आई म्हणाली, “गाडी माझी आहे. मतदान कशाचं?”

“वापर सामूहिक आहे,” बाबा म्हणाले.

“चालवते मी.”

“तोच मुद्दा आहे. साधनाची मालकी कुणाची...”

“अहो, साधन नाही, गाडी आहे.”

आत्या आईच्या बाजूने. दोन-दोन. समन्वय असा ठरला: कार्बोरेटर घरीच खोलून दुरुस्त करायचा. मंगळवारी गाडी पास झाली तर राहील, नाही झाली तर बुधवारी भंगारवाला येईल. त्या आठवड्याची अध्यक्ष मी. मीच ठराव वाचला. आईने सही केली आणि भांडी घासायला गेली. आमच्याकडे स्त्रीमुक्तीच्या बैठकीतही चहा आईच करायची. हे माझ्या लक्षात यायला पंचवीस वर्षं लागली, आणि लक्षात आल्यावर मी त्यावर पत्रक लिहिलं. चहा केला नाही.

दुरुस्तीच्या सुट्या भागांचा किट नगरच्या एका जुन्या दुकानातून गुरुवारीच आला. आई म्हणाली, लगेच उघडू. बाबा म्हणाले, शनिवारी.

“शनिवारी का?”

“शनिवारी अमावास्या आहे.”

शनी अमावास्येला आमच्याकडचे रस्ते शिंगणापूरकडे वाहतात. त्या दिवशी कुणी लोखंड विकत घेत नाही, यंत्र उघडत नाही, आणि ज्याची गाडी सुरू असते तोही तिच्या नाकाला लिंबू बांधून घेतो. बाबांनी आयुष्यात घर बांधायला, माझं नाव शाळेत घालायला, दात काढायला, प्रत्येक गोष्टीला अमावास्या गाठलेली. मुहूर्त न पाहणाऱ्या माणसाने पंचांग एवढं पाठ करावं, याचं मला लहानपणी कौतुक होतं. आता वाटतं, शनीला आमच्या घराइतका नेमाचा भक्त सापडला नसेल. या भक्तीत आमचे पाचांतले दोन दिवस गेले.

शनिवारी सकाळी ओट्यावर पत्रकं अंथरली. आमच्याकडे रद्दी विकत नाहीत, त्यामुळे उरलेल्या पत्रकांचा एक अख्खा पलंग भरेल एवढा साठा आहे. प्रत्येक सुटा भाग वेगळ्या पत्रकावर, म्हणजे गोंधळ नको. मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, हुंडाबंदीवर. स्प्रिंगा रोजगार हमीवर. फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, तो पाणीवाटपावर ठेवला. वाटीत पेट्रोल पुरेसं भरलं की हा डबा वर उचलला जातो आणि एका सुईने पेट्रोल येण्याची वाट बंद करतो. आपल्या संडासाच्या टाकीत असतो तसाच. बाबांना हा भाग फार आवडला. “बघ, ज्याला पोट भरल्याचं कळतं असा समाजात हा एकटाच,” ते म्हणाले.

त्याआधी मी आणि बाबा कामकाजाची विषयपत्रिका लिहीत होतो, तोवर आईने कार्बोरेटर काढून, पुसून, झाकण उघडून ठेवलं होतं. ती झाकणाजवळ डोळा नेऊन काही तरी पाहत होती. मी विचारलं नाही, कारण तो विषय पत्रिकेवर पाचवा होता.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे शेजारचे काका येऊन उभे राहिले. काकांचा दहा एकर ऊस, दोन ट्रॅक्टर आणि आयुष्यभर ते स्वतः उघडून बसवलेले. शंभर पावलांच्या आत इंजिन कळणारा हा एकच माणूस होता, आणि त्याला विचारायची आम्हाला सोय नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ऊस तोडल्यावर उरलेलं पाचट जाळलं, म्हणून बाबांनी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं. नाव नव्हतं घातलं, पण ‘आमच्या उत्तरेकडील शेजारी’ एवढं होतं, आणि उत्तरेला दुसरं कुणी राहत नाही. तेव्हापासून काका बाबांशी बोलत नाहीत, नुसते टोमणे मारतात. आईशी मात्र बोलतात. त्यांची दोन्ही पोरं आईच्याच हातची.

“सिस्टर, आज आमुशा. त्यात शनवार. लोखंडाला हात लावू नगा.”

“म्हणूनच लावलाय!” बाबा ओरडले.

“मी सिस्टरला बोलतोय,” काका म्हणाले. “लई शिकलेल्या मान्सांत मी न्हाई बोलत.”

दुपारपर्यंत काम झकास चाललं. जेट पेट्रोलमध्ये बुडवले, सायकलच्या पंपाने हवा मारली. एका जेटचं भोक बुजलेलं. आत्या पदराची पिन काढून सरसावली, तर आई म्हणाली, “वन्सं, नको. भोक मोठं झालं की जन्माचं पेट्रोल पिईल.” तिने ते भिजत ठेवून, पुन्हा हवा मारून, उन्हाकडे धरून बघितलं. मोहरीएवढं आभाळ दिसलं. झिजलेली सुई काढून किटमधली नवी सुई घातली, सांध्यांतली जुनी गॅस्केटं खरवडून नवी लावली. मग वेळ आली फ्लोटची उंची ठरवण्याची.

फ्लोट किती उंचीवर ठेवायचा यावर सगळं अवलंबून असतं; माप चुकलं, की एक तर पेट्रोल पुरत नाही, नाहीतर उतू जातं. किटबरोबर एक कागद होता. त्यावर दोन आकडे होते, चौदा मिलिमीटर आणि वीस मिलिमीटर, दोन वेगळ्या प्रकारच्या कार्बोरेटरसाठी. आमचा प्रकार कोणता, ते जिथे लिहिलं होतं तिथे नेमकी घडी पडून अक्षरं उडालेली.

बाबा म्हणाले, चौदा. जो आकडा आधी छापतात तो मुख्य. मी म्हणाले, वीस. गाडी जुनी आहे, जुन्या गोष्टी ऐसपैस असतात. हे दोन्ही युक्तिवाद मी आज इथे लाजून लिहिते आहे, पण त्या दिवशी आम्ही ते वीस मिनिटं उभे राहून मांडले. बाबांनी मध्ये एक दाखला रशियाचा दिला.

आई म्हणाली, “मला एक सांगायचंय.”

“आई, वक्त्यांची यादी बंद झालीय,” मी म्हणाले. “मतदानानंतर.”

“अगं, पण...”

“मतदानानंतर.”

मी अध्यक्ष होते.

चौदाच्या बाजूने बाबांचा हात. आत्याचाही. विसाच्या बाजूने माझा. आणि पुन्हा आत्याचा.

“आत्या, तू दोन्हीकडे?”

“तू बी घरचीच, दादा बी घरचाच. मला काय कुनाचं वाईट करायचंय?”

आईने हात वर केलाच नाही. ती खुर्चीत मागे टेकून पेट्रोलने पांढरी पडलेली आपली बोटं बघत बसली होती. दोन-दोन. आणि मग आमच्या घरात जे होतं तेच झालं. चौदा आणि वीस यांचा समन्वय. सतरा.

सतरा मिलिमीटर! जगातल्या कुठल्याही कारखान्याने, कुठल्याही गाडीला, कधीही न दिलेलं माप आम्ही एकमताने मंजूर केलं. मी स्वतः कंपासपेटीतल्या पट्टीने मोजलं, फ्लोटची पत्र्याची जीभ पकडीने वाकवली, झाकण लावलं. चार वाजता कार्बोरेटर गाडीत बसला. चावी आईच्या हातात.

गाडी खोकली. पुन्हा खोकली. मग कार्बोरेटरच्या झाकणाखालून पेट्रोल असं उतू आलं, जसं पातेल्यातून दूध. ते ओघळून गरम व्हायला लागलेल्या लोखंडावर पडलं, वाफ आली, आणि बाबा ‘थांबा, निरीक्षण करू’ म्हणत असतानाच काका भिंतीवरून अंगणात पडले. उडी नव्हती ती, पडणंच होतं. तीन वर्षांनी पहिल्यांदा त्यांचा पाय आमच्या हद्दीत आला, आणि आला तो आधी गुडघ्यावर.

“बंद करा! सिस्टर, बंद! प्येटंल समदं!”

आईने चावी फिरवली. काकांनी बॅटरीची वायर ओढून काढली. ओट्यावरची पत्रकं उचलून मी सांडलेलं पेट्रोल टिपलं. एवढी वर्षं छापलेल्या मजकुराने कुठेतरी आग लागावी हीच आमची इच्छा होती, पण अंगणात नव्हे.

काका गुडघा चोळत म्हणाले, “फ्लोट किती ठिवला हुता?”

मी म्हणाले, “सतरा.”

“सतरा कुठनं आनलं?”

“चौदा आणि विसाची सरासरी.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. हसायचं की कीव करायची, याचा त्यांच्याही मनात समन्वय होत नसावा. “सर,” ते म्हणाले, आणि तीन वर्षांत त्यांनी बाबांना मारलेली ती पहिली हाक होती, “बैलाला चार पाय, मान्साला दोन. सरासरी तीन. तीन पायाचं जनावर नांगराला जुपतो का कुनी?”

बाबांनी किटचा कागद पुन्हा उघडला आणि घडीवरची उडालेली अक्षरं उन्हाकडे धरली.

आई आत गेली आणि खराट्याची एक हीर घेऊन आली. नखाने बरोबर तोडलेली, बोटाच्या पेरापेक्षा लहान.

“सकाळी झाकण उघडलं, तेव्हा झाकण आणि फ्लोटमधल्या फटीत ही लावून तोडली,” ती म्हणाली. “काहीही उघडायच्या आधी ते कसं होतं ते बघून ठेवायचं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवलंय.”

“मग सांगितलं का नाहीस?” बाबा म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आणि म्हणूनच तिथून मला कुठे जाता येईना. मला लहानपणापासून बोलू न दिलेल्यांच्या बाजूने उभं राहायला शिकवलंय. मी उभी राहिले आहे, भर उन्हात, पोलिसांपुढे, घसा बसेपर्यंत. आणि घरातल्या ज्या एका माणसाला माप माहीत होतं, त्याला मी यादी बंद झाली म्हणून गप्प केलं होतं. तिची गाडी. तिचा मंगळवार.

“उद्या सभा नाही,” आई म्हणाली.

रविवारी तिने कार्बोरेटर पुन्हा उतरवला. काका आले, या वेळी फाटकातून. ते फक्त स्टुलावर बसले आणि आई विचारेल तेवढंच बोलले. आईने फ्लोटची जीभ हीर अगदी घसटून जाईल इतकी वाकवली, मोजली, पुन्हा इवलीशी वाकवली. आत्याने चहा केला. तिला पाहून मी कप घासले, आणि कप घासल्याचं श्रेय कुणी घेत नसतं, हे कळायलाही मला तोवरचा वेळ लागला होता.

गाडी सुरू झाली. उतू गेलं नाही. पण जागेवर उभी असताना ती वरखाली धडधडत होती, दमेकऱ्याने जिना चढल्यासारखी. आईने बाबांना चालकाच्या सीटवर बसवलं.

“मी म्हणेन तेव्हा दाबा. मी म्हणेन तेव्हा सोडा.”

“पण याचं कारण...”

“मधे बोलू नका. मला ऐकू यायला पाहिजे.”

तिने एक तळवा इंजिनाच्या झाकणावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने पेचकसाने मिश्रणाचा स्क्रू अर्धा आटा फिरवला. थांबली. डोळे मिटले. पाव आटा मागे. “दाबा.” “सोडा.” “आता सोडा म्हटलं ना.” बाबा घाम पुसत दाबत होते, सोडत होते. पाऊण तास. रस्त्यावरून कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून गेल्या, की आई हात वर करून थांबायची. त्या पुढे गेल्या, की पुन्हा सुरू. हळूहळू धडधड पातळ झाली, मग एकसारखी, मग अशी की आत्या म्हणाली, “बंद पडली का गं वहिनी?”

“चालूय,” आई म्हणाली.

काका उठले. जाताना बाबांपाशी थांबले. “पाचटाची कुट्टी करतो आता मी. मशीन घेतलंय. तेवढं एक पत्रक काढा की त्याचं.” बाबा म्हणाले, बघतो. म्हणजे काढणार नाहीत. स्तुतीची पत्रकं आमच्याकडे छापत नाहीत.

सोमवारी आईने गाडी धुतली, दिवे तपासले, कागद पिशवीत घातले. मंगळवारी सकाळी बाबांनी पँट इस्त्री केली. मी रजा काढली होती. आत्याने दशम्या बांधल्या.

“आपण सगळे जाऊ,” बाबा म्हणाले. “अधिकाऱ्याने काही काढलं तर नियम सांगायला कुणी तरी हवं.”

“मी एकटी जाईन,” आई म्हणाली आणि दशम्या घेऊन निघाली.

अकरा वाजता बाबांनी फोन केला. उचलला नाही. बाराला मी केला. एक वाजता फोन बंद. दोनपर्यंत बाबांच्या मते गाडी नापास झाली होती, तीनपर्यंत रस्त्यात बंद पडली होती, चारला ते तक्रारीच्या अर्जाचा मसुदा करायला बसले. ‘प्रति, माननीय’ एवढं लिहून थांबले, कारण तक्रार कशाची ते ठरत नव्हतं. मी फाटकात. मला भंगारवाल्याचा नंबर आठवत होता. ठरावाच्या खाली मीच लिहून ठेवला होता.

साडेपाचला गाडी आली. धूर नाही. आवाज नाही. आईने ती नेहमीच्या जागी लावली, पिशवी माझ्या हातात दिली. त्यात पासिंगचा कागद, शिक्क्यासह, आणि रिकामा डबा.

“कधी झालं?” मी विचारलं.

“अकराला. माझा तिसरा नंबर होता. धुराच्या यंत्राला काहीच सापडलं नाही.”

आता साडेपाच वाजले होते. अकरापासून साडेपाचपर्यंत म्हणजे किती, ते आम्हा तिघांनाही मोजता येत होतं. आईच्या चपलांना ओली वाळू होती आणि केस वाऱ्याने सुटलेले. बाबांनी श्वास घेतला. ज्या श्वासानंतर मुद्दे येतात, तो.

मी त्यांच्या हातातला मसुद्याचा कागद काढून घेतला आणि आत चहा ठेवायला गेले.

खासगी गाड्या कमी झाल्या पाहिजेत, हे माझं मत कायम आहे. त्या पत्रकाची नवी आवृत्ती मी काढणार आहे. सुरुवात कुठून करायची याच्या यादीत आमचं अंगण सगळ्यात शेवटी आहे, आणि याला ढोंग म्हणतात हे मला कुणी सांगायची गरज नाही.

आई मोरीत पाय धूत होती. चहा गाळून मी तिला हाक मारली. ती आली, एक घोट घेतला आणि म्हणाली, “साखर कमी आहे.” मग उभ्या उभ्याच सगळा प्यायली.